कृष्णविवराचा सत्कार

काल संध्याकाळी गॅलरीतला टॉवेल काढला आणि घडी घालण्याआधी दोनदा झटकला. मग माझं मलाच हसू आलं. हैदराबादच्या या भाड्याच्या घरावर कुठली आलीय काजळी? पण हात पिंपळीचे आहेत. कारखाना सुरू झाला की आमच्या गावात पांढरे कपडे वाळत घालायची सोय राहत नाही. उसाच्या चोथ्याची काळी पिसं वाऱ्यावर तरंगत येतात, टॉवेलावर बसतात, पापडावर बसतात, म्हशीच्या पाठीवर बसतात, फक्त तिथं ती दिसत नाहीत. टॉवेल झटकला आणि तेवढ्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "वन्सं, काल मोळी टाकली. धुराडं पेटलं बगा."

गळीत हंगाम सुरू झाला, एवढंच त्या सांगत होत्या. माझे मात्र कान तापले. अगदी खरोखर, पाळ्यांपर्यंत. मी ज्या दुर्बिणीवर काम करते ती ऊब पाहते. त्या क्षणी तिचं तोंड माझ्याकडे असतं तर माझे दोन कान आभाळातल्या कुठल्याही ताऱ्याला भारी पडले असते. गेल्या हंगामाची लाज अजून उतरलेली नाही माझी. वर्ष होत आलं तरी ती मळीच्या वासासारखी कुठूनतरी येतेच.

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर माहेरी राहिले होते. निरीक्षणं झाली होती, आकडे हातात आले होते, उरलेलं काम लॅपटॉपवर कुठंही बसून करता येत होतं. मग म्हटलं पिंपळीत का नको? आई-वडील दोघंही नाहीत, पण दादा आहे, वहिनी आहेत, आणि त्यांची सोनी. नेट फक्त स्लॅबवर चांगलं लागायचं. म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे. खाली रस्त्यानं दोन-दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर जायचे, प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि सगळीच कर्णकर्कश. वाड्याचा हिरवा वास यायचा. उसाचे शेंडे, जनावरांना घालतात ते वाडं. की-बोर्डच्या फटींत काजळी जाऊन बसायची. दादा वर डोकावून म्हणायचा, "नंदे, त्या डब्यात दिसभर काय बगतीस गं?"

"ढग."

"पाऊस हाय का त्यात?"

"नाही रे. वायूचा ढग. तेजोमेघ म्हणतात."

"मग काय उपेग?" म्हणायचा आणि हसत खाली जायचा. खवचट आहे मेला, पण त्या हसण्यात माया असायची. आपली बहीण काहीतरी मोठं करते आहे आणि ते आपल्याला कळत नाही, याचाच त्याला अभिमान. तो अभिमान पाहून मला आतून कसंतरी व्हायचं.

तर ते काम असं. दूरच्या काही दीर्घिकांमध्ये क्ष-किरणांत अतोनात तळपणारे स्रोत आहेत. इतके तळपतात की त्यांना एवढं तेज परवडतं कसं, असा प्रश्न पडावा. आत कृष्णविवर असेल, किंवा मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा. काहीतरी शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खातं आहे आणि खाताना पेटतं आहे. पण ते खरंच एवढं तेजस्वी आहे, की त्याचा झोत नेमका आपल्या तोंडावर आहे म्हणून तसं वाटतं? रस्त्यात समोरून ट्रॅक्टर आला की डोळे दिपतात. बांधावर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, कसला उजेड, एक दिवा तर बंदच आहे. मग खरं कळायचं कसं? तर झोतात बघायचंच नाही. आजूबाजूला बघायचं. त्या स्रोताभोवती जो वायूचा, धुळीचा मेघ असतो, त्याच्यावर काय काय गुदरलंय ते पाहायचं. तो किती भाजलाय, कुठवर भाजलाय. धुळीमुळे साध्या प्रकाशात हे नीट दिसत नाही, म्हणून अवरक्त किरणांत पाहायचं. ऊब पाहायची म्हणा ना.

वहिनींना मी एकदा चुलीपाशी हे समजावून सांगितलं होतं. तवा तापला का बघायला त्यांनी वर तळहात धरला होता. म्हटलं, "वहिनी, हेच माझं काम. तवा लाल दिसत नाही, पण तापलाय हे हाताला कळतं."

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "मग येवडं शिकाय कशाला लागतंय?" आणि भाकरी टाकली. दोघी पोट धरून हसलो. वहिनी हसतात तेव्हा पदर तोंडाला लावतात, आवाज बाहेर जाऊ देत नाहीत.

सोनी तेव्हा बारावीला होती. बारामतीच्या कॉलेजात एस.टी.नं जायची यायची, आणि आल्यावर दप्तर टाकून थेट स्लॅबवर. तिचे प्रश्न संपायचे नाहीत. तिला पुण्याला जाऊन भौतिकशास्त्र शिकायचं होतं आणि दादाला इंदापूरचं स्थळ आलं होतं. डाळिंबाची बाग, एकुलता मुलगा, रस्त्यालगत घर. माणसंही चांगली होती, तीच तर अडचण. वाईट असती तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं. दादा एक दिवस म्हणायचा, "पोरगी हुशार हाय, शिकू दे." दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून उठून आला की म्हणायचा, "अठरा पुरी झाली की उन्हाळ्यात उरकून टाकू. शिकून तरी शेवटी भाकरीच थापायची हाय." सोनी त्या महिन्यात बापाचा चेहरा बघून दिवस कसा जाणार ते ओळखायची. तिच्याएवढ्या पोरीनं असं तोंड वाचत बसावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

आणि अशात आमच्या वर्णपटात ती रेषा सापडली. मेघातल्या ऑक्सिजनच्या अणूंची पार सालं निघाली असतील तरच दिसणारी एक रेषा. ती दिसली म्हणजे मधला स्रोत सगळीकडून तळपतोय, नुसता आपल्याकडे तोंड करून नाही. आमचा गट मोठा, देशोदेशीचा, माझा वाटा त्यात चिमूटभर. अजून तपासणी बाकी होती. पण गटातल्या कुणीतरी कुठंतरी बोललं, कुठल्यातरी बातमीच्या साइटवर आलं, त्यात माझं नाव आलं, सोनीनं ते स्टेटसला ठेवलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. दुसऱ्याच दिवशी पिंपळीच्या चौकात फ्लेक्स लागला.

त्या फ्लेक्सबद्दल काय सांगू! 'पिंपळीच्या सुकन्येने लावला कृष्णविवराचा शोध.' माझा आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला, त्यामागे कडी असलेला शनी. खाली दादा आणि त्याचे मित्र, गॉगल लावून, शुभेच्छुक. मी म्हटलं, "दादा, हा शनी आहे रे." तो म्हणाला, "आसू दे की. शनी बी आपलाच हाय." मी बारामतीला जाताना त्या चौकात मान खाली घालून रिक्षात बसायचे. लोक म्हणायचे, बघा, किती साधी पोरगी.

संक्रांतीला वहिनींच्या बचत गटाचं हळदीकुंकू होतं. त्यालाच जोडून माझा सत्कार ठरला. ठरवला वहिनींनी. मला आश्चर्य वाटलं होतं, कारण चारचौघांत पुढं होणं हा त्यांचा स्वभावच नाही. मंडप घातला, खुर्च्या आल्या, आणि माईक अर्थातच तात्यांच्या हातात. हे तात्या म्हणजे आमच्या गावचा आवाज. लग्न असो की दहावा, सूत्रसंचालन तात्यांचंच.

आणि नेमकी त्या सकाळी आमच्या संशोधन-गटाची मेल आली. रेषा नाही. दुसऱ्या निरीक्षणात तिचा मागमूस नाही, आणि पहिल्यातली जी होती ती यंत्राची खोड. दुर्बिणीची स्वतःचीच धग आकड्यांत मिसळली होती. शितावरून भाताची परीक्षा करायला गेलो आणि ते शीतच नव्हतं. कुणाचा गुन्हा नव्हता, असं होतं आमच्यात, म्हणून तर पुन्हा पुन्हा तपासतात. मेघ जागच्या जागी होता. मधला स्रोतही होता. फक्त आम्ही त्याच्याबद्दल जे म्हणत होतो ते म्हणता येत नव्हतं. एरवी मी एक चहा पिऊन कामाला लागले असते. त्या दिवशी खाली फेटेवाला येऊन बसला होता.

स्वयंपाकघरात गेले. वहिनी पोळीसाठी तिळाचं सारण करत होत्या. म्हटलं, "वहिनी, तो शोध गेला."

"गेला म्हंजी?"

"चुकीचा निघाला. आत्ताच कळलं. दादाला सांगते, कार्यक्रम बंद करू."

त्यांचा हात थांबला. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता नगा बोलू त्यास्नी," त्या हळूच म्हणाल्या. "कार्यक्रम हू द्या. पाया पडते वन्सं." मला रागच आला. मनात म्हटलं, यांना चार बायकांत मिरवायचं आहे आणि मी खोट्या शालीखाली मेल्याहून मेल्यासारखी बसू? मग ठरवलं, दादाला नाही ना सांगायचं, ठीक आहे, सगळ्यांनाच सांगते. माईकवरून.

फेटा फार घट्ट बांधला होता. शाल, श्रीफळ, हातात तिळगुळाची वाटी. बायका नटून आल्या होत्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली तान्ही बाळं. इंदापूरची ती मंडळीही पहिल्या रांगेत. तात्यांनी माझं कौतुक असं केलं की जणू ते कृष्णविवर मी ओढ्यात गळ टाकून धरलंय. मग म्हणाले, "आता सुकन्येच्या बंधूंनी दोन शब्द बोलावं. आन् मंडळी, त्यांनी आज हितं जाहीर करावं, की आपल्या लेकीला कुठवर शिकवणार!"

दादा उठला. माईकसमोर तो लाल झाला, खाकरला. समोर गाव, बाजूला फेटा घातलेली बहीण. म्हणाला, "माझी बहीण येवडी शिकली, तर लेक का न्हाय शिकणार? पुण्याला धाडतो. जितवर शिकंल तितवर शिकवतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. सोनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मी पाहिलं, इंदापूरच्या बाईंनी शेजारणीकडे बघून मान हलवली, समजलं आम्हाला, अशी.

आणि मग माझं नाव पुकारलं.

आता खरं बोलले तर त्या पोरीच्या पायाखालची वीट मीच काढणार. नाही बोलले तर तिला रोज ज्या गोष्टी शिकवत होते त्या कोणत्या तोंडानं शिकवल्या? उभी राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला खरं सांगते. हा शोध मी लावलेला नाही. आम्ही पुष्कळ जण होतो, मी त्यातली एक."

टाळ्या.

"नाही, ऐका. जो शोध लागला असं वाटलं, तोही लागलेला नाही. आज सकाळीच कळलं. आम्ही चुकलो."

आणखी मोठ्या टाळ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वाघीण हाय, वाघीण!"

माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आमच्याकडे सत्कार घेणाऱ्यानं हेच बोलायचं असतं. कारखान्याचा संचालक असो की दहावीत पहिला आलेला पोरगा, उठायचं आणि म्हणायचं, मी कोण, मी काही केलं नाही, सगळं तुमचं. जो जितकं नाकारेल तितका तो मोठा. मी घाबरून म्हणाले, "अहो, खरंच, या सत्काराला मी पात्र नाही," आणि संपलंच. ते वाक्य तर जन्मभर प्रत्येक मंडपात ऐकलेलं. लोक उभे राहिले. तात्यांनी माईक हातातून घेतला, "बघा मंडळी, फळानं लगडलेलं झाडच वाकतं! ह्याला म्हणतात संस्कार!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर वाटलं. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नव्हते आणि इतकी खोटी कधी ठरले नव्हते. सगळ्या मंडपात एकटी सोनी टाळ्या वाजवत नव्हती. तिला कळलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता पोरीचा.

त्या संध्याकाळी गोठ्यापाशी दादाला गाठलं. या वेळी मराठीत सांगितलं, तात्यांच्या मराठीत नाही, आमच्या घरच्या. "दादा, मी मोठेपणा म्हणून नाही बोलले. खरंच चुकलोय आम्ही. तो बोर्ड काढ."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हातातलं वाडं टाकून मटकन बसला. "म्हंजी समदं गाव आपल्याला हसणार."

"हसू दे."

"तुला काय, तू चाललीस हैदराबादला! कट्ट्यावर मला बसायचंय." त्याचा आवाज चढला आणि मला धडकी भरली. आता म्हणेल, मग सोनीचं राहू दे. मीच म्हटलं, "दादा, सोनीला पाठव. माझ्यावरून नको ठरवूस."

त्यानं बसल्या बसल्या वाडं म्हशीपुढं सारलं. मग म्हणाला, "माईकवर बोललोय. आता थुकलेलं चाटू व्हय?" आणि उठून उसाकडं निघून गेला. म्हणजे पोरीचं शिक्षण वाचलं ते माझ्या खऱ्यानंही नाही आणि खोट्यानंही नाही, नुसत्या एका लाऊडस्पीकरनं. आनंद झाला, नाही कसा, पण आनंद होताना तोंड वर करवेना.

सोनी आता पुण्यात आहे. होस्टेलचं जेवण वाईट आहे आणि गणित फार आहे, अशी तिची तक्रार असते. शोधाचा लेख आम्ही छापायच्या आधीच मागे घेतला. बातमी मात्र अजून तशीच आहे त्या साइटवर. बातमी देणाऱ्याला मी दुरुस्ती पाठवली होती, त्यानं अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. एकदा सोनीनं विचारलं, "आत्या, मग तितं खरं काय हाय?" मी म्हटलं, माहीत नाही. "कुणालाच?" कुणालाच. "मग बरं हाय," ती म्हणाली. या पोरीपुढं मला सर्वांत जास्त लाज वाटायची, आणि तिनंच ती विषय काढून काढून थोडी सैल केली.

पण जी लाज कानांत येऊन बसते ती ही नव्हे.

संक्रांतीनंतर मी निघाले. पुण्याहून हैदराबादला जाणारी गाडी इंदापूरला धरायची होती. वहिनींचं माहेर इंदापूर, त्यांनाही तिळगूळ द्यायला जायचं होतं. म्हणून दोघी बरोबर निघालो. स्टँडवर दुपारचं ऊन होतं, हायवेवरच्या ट्रकांचा धुरळा. वहिनींनी रसाचे दोन ग्लास आणले. स्वतः बसायच्या आधी एक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "वहिनी, सोनीचं भाग्य. नशीब, तात्यांनी नेमका तो प्रश्न विचारला."

"नशीब कशाचं वो," त्या म्हणाल्या. "मीच त्यांच्या कानात सांगितलं व्हतं. म्हटलं, समद्यांम्होरं ह्यांच्या तोंडातनं काढून घ्या."

मी ग्लास खाली ठेवला. "म्हणून सत्कार?"

"म्हून. मला त्या ताऱ्याचं काय कळत न्हाय, वन्सं. खोटं कशाला बोलू. तुमी शोध लावला काय, न्हाय लावला काय. पण समद्यांम्होरं व्हय म्हटलेला माणूस घरात येऊन ताट फेकत न्हाय."

"ताट?"

त्यांनी रस संपवला, पदरानं तोंड पुसलं. "तुमी पहिल्या बारीला हैदराबादला निगाला न्हवता का? ते न्हाय म्हणत व्हते, तरी तुमी पिशवी उचलून गेला. बरं केलं. मी सोनीला सांगतीया, आत्यागत निगता आलं पायजे. पर तुमी गेल्याव ते जेवाय बसले आन् ताट भिरकावलं. भितीवर मारायचं व्हतं त्यास्नी. मी मदी आले." आणि त्यांनी भुवईपाशी बोट नेलं, सहज, माशी उडवावी तसं. तिथं एक पांढरी रेघ आहे, बोटाच्या पेराएवढी. ती मी वर्षानुवर्षं बघत आले. दिवाळीत त्यांना कुंकू लावताना बघितली, शेजारी बसून भाकरी खाताना बघितली. कशानं झाली, हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

"ते बी मागनं लई रडले," त्या घाईनं म्हणाल्या. "वाईट न्हाईत ते. तुमी मनावर घेऊ नगा."

घरून निघाले तो दिवस मी किती जणांना सांगितला होता, कशी धीट निघाले, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. खरंच नव्हतं पाहिलं.

"दुखलं होतं का, वहिनी?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी.

त्या हसल्या, पदर तोंडाला लावून. मग उठून माझी पिशवी आपल्या खांद्याला लावली.

"गाडी आली बगा तुमची," म्हणाल्या.